सासूबाईंचा आवाज आणि माळ्यावरची

आमच्या सासूबाईंना पुन्हा बोलतं करायचं, एवढंच मी मनावर घेतलं होतं. सासूने बोलू नये म्हणून जावई काय काय करतात ते मी ऐकून होतो. तिने बोलावं म्हणून धडपडणारा जावई मात्र माझ्याखेरीज कुणी पाहिला असेल असं वाटत नाही. त्याचं श्रेय मला नको. पण त्या धडपडीत मी चेटकिणीच्या धंद्यात कसा ओढला गेलो हे एकदा सांगून टाकलेलं बरं. आमच्या इमारतीत या गोष्टीच्या बऱ्याच आवृत्त्या फिरताहेत आणि प्रत्येकीत मूर्ख मीच ठरतो.

सासूबाई नोकरीत असताना टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ‘हॅलो, नंबर सांगा’ एवढंच त्या म्हणायच्या आणि लोक नंबर विसरायचे. सासऱ्यांनी म्हणे चुकीचे नंबर मागून मागून शेवटी लग्नाचंच विचारलं. निवृत्तीनंतरही आमच्याकडे फोन आला की त्याच उचलायच्या, आणि पलीकडचा विमा एजंट आपण होऊन क्षमा मागायचा.

मग त्यांच्या स्वरयंत्रावर गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. आवाज मात्र गेला. म्हणजे अगदीच गेला नाही. त्याच्या जागी दुसरंच कुणीतरी राहायला आलं. गंजलेल्या बिजागरीला दमा झाला तर ती जशी बोलेल, तसा तो आवाज होता. सासूबाईंनी तो दवाखान्यात एकदाच ऐकला आणि तोंड मिटलं ते मिटलंच. मग घरात टाळ्या, भुवया आणि वर्तमानपत्राचा समास यांवर कारभार सुरू झाला. टाळी म्हणजे ‘इकडे या’. एक भुवई म्हणजे ‘हा चहा आहे?’ दोन्ही भुवया म्हणजे मी.

डॉक्टर म्हणाले, “त्यांना बोलायला लावा. न वापरलेला आवाज आणि न वापरलेलं कुलूप, दोन्ही सारखीच. असंच चाललं तर उरलंसुरलंही जाईल.”

हे ऐकून बायको घाबरली, आणि ती घाबरली की काम माझ्याकडे येतं.

दिवसभर सासूबाई टीव्हीसमोर बसायच्या आणि भुताखेतांचे सिनेमे बघायच्या. हडळी, चेटकिणी, रक्त पिणारे सरदार, उलट्या पावलांच्या नवऱ्या. मला वाटतं, त्यात कुणी फारसं बोलत नाही म्हणून त्यांना ते आवडत असावेत. मला स्वतःला असले सिनेमे सोसत नाहीत. मी पाणीपुरवठा कचेरीत तक्रार विभागात आहे. आठवडाभर खऱ्या माणसांच्या किंकाळ्या ऐकतो. सुट्टीच्या दिवशी मी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर आडवं धरून बसायचो, तरी कान उघडेच राहायचे. कानांना पापण्या का नसतात, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला.

आमच्या इमारतीचे सेक्रेटरी कुठल्याही विषयावर विचारायच्या आत सल्ला देतात. ते म्हणाले, “त्यांच्याशी भांडा. राग आला की माणूस बोलतोच. आमची ही बघा.” मी वहिनींकडे बघितलं नाही, पण सल्ला घेतला. सासूबाईंच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. त्यांनी कप शांतपणे रिकामा केला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की दुसऱ्या दिवसापासून मीच बिनसाखरेचा चहा घेऊ लागलो. मग सिनेमा रंगात आला असताना टीव्हीची पिन उपटली. टाळी वाजली. मी पिन पुन्हा लावली.

आणि मग एके सकाळी ते आपोआप घडलं. आमच्या वरच्या मजल्यावर एक तरुण एकटाच राहतो. सिनेमांचे आवाज ध्वनिमुद्रित करायचं काम करतो, म्हणून त्याला सगळे साउंडवाला म्हणतात. त्याने न पिळलेली चादर खिडकीबाहेर टाकली. खाली आमच्या खिडकीत सासूबाई नुकताच पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवत होत्या. सगळं पाणी चष्म्यावर. सासूबाईंनी मान वर केली आणि त्या ओरडल्या,

“कोण आहे रे वर?”

मी दाढी करत होतो. गाल कापला. रस्त्यावर एका स्कूटरवाल्याने कचकन ब्रेक मारला. समोरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री उचलून छातीशी धरली आणि मग ती गरम असल्याचं त्याच्या लक्षात आलं. चादर वरच्या वर अदृश्य झाली.

मी आनंदाने धावत गेलो, “आई, बोललात!” पण सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी खिडकी लावली, न्हाणीघरात गेल्या आणि आतून कडी घातली. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. बायकोने मला विचारलं, “तुम्ही हसलात का?” मी हसलो नव्हतो. पण ‘नाही’ म्हणायला मला जरा उशीर झाला, आणि संसारात तेवढा उशीर पुरतो.

दुपारी साउंडवाला दारात उभा. मला वाटलं माफी मागायला आला असेल.

“काका, सकाळी ओरडलं ते कोण?”

“आमच्या सासूबाई. पण हे बघ, चूक तुझी होती—”

“चूक कसली काका! आम्ही किती दिवस हाच आवाज शोधतोय! तीन नट्या झाल्या. एकीने घसा बसवायचा म्हणून बर्फ खाल्ला, ती दवाखान्यात आहे.”

“कशासाठी शोधताय?”

“चेटकिणीसाठी,” तो कळवळून म्हणाला. “पिक्चरचं नाव ‘माळ्यावरची’. पिक्चर तयार आहे, फक्त तिला आवाज नाही.”

मी त्याला दंडाला धरून जिन्यात नेलं आणि दार ओढून घेतलं. ज्या बाईचा आवाज ऐकून माणसं नंबर विसरायची, तिला मी काय सांगणार? की आई, अभिनंदन, तुमचा आवाज चेटकिणीला अगदी फिट बसतो? ही बातमी सासूला देऊन सुखरूप परत आलेला जावई जगात असेल तर मला त्याचा पत्ता हवा आहे. मी नाही म्हणालो. साउंडवाल्याने खिशातून संवादांचा कागद काढला, “काका, एकदा वाचून तरी बघा.”

मी वाचलं आणि माझी बुद्धी, जी कचेरीत कधीही चालत नाही, ती चालली. संवाद असे होते: ‘ये बाळा, ये. किती वाट पाहायला लावलीस. किती वाळलास रे! ये, जवळ ये. किती गोड दिसतोस, खाऊन टाकावंसं वाटतं.’

यात चेटकीण कुठे आहे? ही तर कुणाचीही आजी!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बायकोसमोर सासूबाईंना सांगितलं, की वरच्या मुलाच्या सिनेमात एका प्रेमळ आजीचं काम आहे, नुसत्या आवाजाचं, आणि त्यांना जरा अनुभवी, मुरलेला आवाज हवा आहे. ‘मुरलेला’ हा शब्द मी ऑफिसात तयार करून आणला होता.

सासूबाईंनी वर्तमानपत्राच्या समासात लिहिलं, ‘प्रेमळ?’

“अत्यंत,” मी म्हणालो.

त्यांनी कागद सावकाश वाचला. ‘खाऊन टाकावंसं वाटतं’पाशी एक भुवई वर गेली.

“आज्या म्हणतातच की असं,” मी म्हणालो, आणि कपाळ पुसलं.

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कागदाची घडी करून उशीखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर त्यांच्या बंद दाराआडून हळू, खरखरीत आवाज येत होता. “ये बाळा... ये...” माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. बायको मात्र दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती. “ऐकलंत का,” ती कुजबुजली, “आई सराव करतेय. स्वतःहून बोलतेय.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या क्षणी मला कळलं, की आता मागे फिरायची वाट बंद झाली. खरं सांगावं तर सासूबाई पुन्हा मिटणार, कदाचित कायमच्या. न सांगावं तर स्टुडिओत सगळं बाहेर येणार. मला भूक लागेनाशी झाली. बायकोला वाटलं, मी शेवटी वजन मनावर घेतलं.

बायकोने आनंदाच्या भरात सगळ्या इमारतीला बातमी सांगितली. सेक्रेटरी दुसऱ्याच दिवशी सल्ला घेऊन आले. “प्रेमळ आजीच्या आवाजात थोडा कंप हवा. म्हातारं माणूस प्रेमाने बोललं की कंप येतोच.” त्यांनी स्वतः कंप काढून दाखवला. तो ऐकून सासूबाई त्यांच्यासाठी पाणी घेऊन आल्या. जाताना सेक्रेटरींनी जाहीर केलं, की सिनेमा लागला की सगळी इमारत मिळून बघायला जाईल. “लहान मुलांनासुद्धा नेऊ! प्रेमळ सिनेमे हल्ली निघतात कुठे?”

मी साउंडवाल्याला गाठून विचारलं, “त्या चेटकिणीचा शेवट काय होतो रे?”

“शेवट नाही होत. दुसरा भाग काढायचाय.”

त्यातच त्याने सांगितलं, की बाहेरच्या कुणाचा आवाज घ्यायचा तर आवाजी कलाकारांच्या संघटनेचं कार्ड लागतं, आणि अर्जदाराला स्वतः हजर राहावं लागतं. मी सासूबाईंना घेऊन त्या कचेरीत गेलो. खिडकीमागच्या कारकुनाचा आवाज असा खणखणीत होता, की तो खरा कलाकारांच्या रांगेतला, चुकून खिडकीच्या आतल्या बाजूला बसलाय असं वाटलं. त्याने अर्ज पाहिला.

“वर्ग लिहिलेला नाही. मानवी, प्राणी की अमानवी?”

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. “मानवी,” मी पुटपुटलो.

“सिनेमा कोणता? ‘माळ्यावरची’? मग मानवी कसं? अमानवीला शिक्का वेगळा लागतो!”

सगळी रांग आमच्याकडे बघू लागली. सासूबाईंच्या दोन्ही भुवया वर गेल्या.

“अमानवी म्हणजे, आई,” मी म्हणालो, “मानधन न घेणारे. अ-मान-वी.”

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. एका कचेरीतल्या जिवाने दुसऱ्या कचेरीतल्या जिवाची घालमेल ओळखली असावी. त्याने मुकाट्याने शिक्का मारला. शिक्का कसला होता ते सासूबाईंना दिसू नये म्हणून मी कार्ड लगेच खिशात घातलं आणि घरी येईपर्यंत खिशावरचा हात काढला नाही. बसमध्ये एकाने विचारलं, “छातीत दुखतंय का?” दुखतच होतं.

ध्वनिमुद्रणाचा दिवस उजाडला. मी साउंडवाल्याला आधीच गळ घातली होती, की पडद्यावर चित्र लावायचं नाही. चेटकिणीचा चेहरा केसांनी झाकलेला होता, त्यामुळे ओठ जुळवायचा प्रश्न नव्हता. केसांचे एवढे उपकार मी आयुष्यात कधी मानले नव्हते, आणि मला तर आता मानायला फारसे उरलेलेही नाहीत. सासूबाई काचेपलीकडच्या खोलीत माइकसमोर उभ्या राहिल्या. साउंडवाल्याने त्यांच्या कानांवर हेडफोन बसवले. काचेच्या अलीकडे दिग्दर्शक, साउंडवाला, बायको आणि घामाने निथळणारा मी. दिग्दर्शक बारीक, चिडका माणूस होता. दर वाक्याआधी घड्याळ बघायचा.

लाल दिवा लागला. सासूबाईंनी तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

पुन्हा लाल दिवा. पुन्हा काही नाही. त्या पाणी प्यायल्या, घशावर हात ठेवला, मान हलवली. घरात दाराआडून येणारा तो आवाज कुठे दडून बसला होता कोण जाणे. बायकोने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं बधिर झाली.

“राहू द्या,” दिग्दर्शक घड्याळ बघत म्हणाला. “आजींना घरी न्या. आपण पाचवी बाई बघू.”

बोलताना त्याचा हात त्या बटनावर होता, ज्याने आमचं बोलणं आत ऐकू जातं. सासूबाईंनी ऐकलं. त्यांनी मान खाली घातली. त्या दिवशी न्हाणीघरातून बाहेर येताना दिसलेला चेहरा मला पुन्हा दिसला, आणि माझ्या हातून काय होतंय हे कळायच्या आत मी दिग्दर्शकाला बाजूला सारून ते बटन दाबलं.

“आई, थांबा! मी खोटं बोललो. ती आजी प्रेमळ नाही. ती चेटकीण आहे! माळ्यावर राहते आणि माणसं खाते! यांना प्रेमळ आवाज नकोच आहे. तुमचा हा आवाज भयंकर आहे ना, म्हणूनच तर हवाय!”

‘भयंकर’ हा शब्द माझ्या तोंडून सुटल्यावर खोलीत जी शांतता पसरली, तशी मी फक्त पगारवाढ मागितली तेव्हा अनुभवली होती. बायकोने माझा हात सोडला.

सासूबाईंनी सावकाश मान वर केली. काचेतून थेट माझ्याकडे पाहिलं. आणि स्टुडिओतल्या मोठ्या मोठ्या स्पीकरांतून, जमिनीखालून आल्यासारखा, तो आवाज आला:

“मला काय दूधखुळी समजलात?”

साउंडवाल्याच्या हातातली पेन्सिल पडली. दिग्दर्शक खुर्चीवरून अर्धा उठला.

“रोज दुपारी दोन-दोन चेटकिणी बघते मी, जावईबापू. माळ्यावरून ‘ये बाळा, ये’ म्हणणारी बाई कोण असते, ते मला कळणार नाही? कागद वाचला तेव्हाच कळलं.”

“मग... बोलला का नाहीत?” माझा आवाज चिमणीएवढा झाला होता.

“तुम्ही इतकं मन लावून खोटं बोलत होतात. म्हटलं, मोडता कशाला घालायचा.”

“आणि आत्ता का गप्प झालीस?” बायकोने बटनाशी तोंड नेऊन विचारलं.

सासूबाईंनी कानांवरच्या हेडफोनला बोट लावलं.

“चेटकिणीची कसली भीती, बाई. पण यातून माझाच आवाज मला ऐकू येतो. अगदी कानाशी. मला तो ऐकवत नाही गं.”

दिग्दर्शकाने चक्क घड्याळ उलटं फिरवून मनगटाच्या आत घेतलं.

“मग ते काढून ठेवा, आजी,” साउंडवाला म्हणाला. “ऐकायचं काम आमचं.”

त्यांनी हेडफोन काढले. लाल दिवा लागला. आणि मग जे झालं ते मी पाठमोरा उभा राहून ऐकलं, कारण काचेकडे बघायची माझी हिंमत नव्हती. “ये बाळा, ये” म्हटल्यावर बाहेरचा चहावाला खरोखरच आत आला. त्याला काढून पुन्हा घ्यावं लागलं. सासूबाई दुपारपर्यंत बोलायच्या थांबल्या नाहीत. हसल्या, रडल्या, शाप दिले, एक शाप तर कागदावर नव्हताच. बाहेर पडताना दिग्दर्शकाने वाकून नमस्कार केला, पण जरा लांबूनच.

घरी आल्यावर बायको माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. सासूबाई मात्र बोलत होत्या. घरात बोलणाऱ्या बायकांची संख्या तेवढीच राहिली.

सिनेमा लागला आणि धो धो चालला. दिग्दर्शकाने कहर केला तो असा, की ‘मला काय दूधखुळी समजलात?’ हे वाक्य त्याने तसंच ठेवलं. भूत उतरवायला आलेल्या एका सुशिक्षित, टक्कल पडलेल्या गृहस्थाला चेटकीण ते ऐकवते, आणि मग माळ्यावरून फक्त त्याचा चष्मा खाली पडतो. लोकांनी ते वाक्य डोक्यावर घेतलं. जिन्यात मुलं ते म्हणत. कचेरीत ‘पाणी उद्या येईल’ असं मी फोनवर सांगितलं, की तक्रारदार खर्जात तेच ऐकवत. मूळ वाक्य मला उद्देशून होतं हे मी कुणाला सांगत नसे. सेक्रेटरी सगळ्यांना सांगत.

ठरल्याप्रमाणे सगळी इमारत एका दुपारच्या खेळाला गेली, लहान मुलं वगळून. मी सासूबाईंच्या शेजारी बसलो होतो. पडद्यावरच्या चेटकिणीची मला भीती वाटत होतीच, पण त्याहून मोठी भीती ही, की आता अंधारात बसून त्यांना तो आवाज ऐकावाच लागणार. लोक हसले तर? त्या उठून गेल्या तर? मी त्यांच्या वाटेतून पाय काढून ठेवले होते.

चेटकीण बोलली. सगळं थिएटर किंचाळलं. मी डोळे मिटून कलंडलो आणि थोड्या वेळाने एक डोळा उघडून शेजारी पाहिलं. सासूबाई ताठ बसल्या होत्या, मान जरा कलती करून, दूरची लाइन नीट लागली आहे का हे ऐकावं तशा.

आमच्या पुढच्या रांगेत एक धिप्पाड, भरघोस मिशांचे गृहस्थ होते. ते दोन्ही हातांनी तोंड झाकून थरथरत होते. सासूबाईंना त्यांची दया आली. त्या पुढे वाकल्या आणि त्यांच्या कानाशी जाऊन मायेने म्हणाल्या,

“घाबरू नका हो. पिक्चरच आहे.”

ते गृहस्थ उठले नाहीत, उडाले. त्यांच्यापुढच्या दोन रांगा त्यांनी कशा ओलांडल्या हे त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. “मागे बसलीय! मागे बसलीय!” असा त्यांनी टाहो फोडला आणि लोक दारांकडे धावले. दिवे लागले. मॅनेजर धावत आला, “कोण आहे? कोण बोललं?”

मी खुर्चीत शक्य तितका खाली सरकलो. सासूबाई उभ्या राहिल्या.

“मी,” त्या म्हणाल्या, त्याच आवाजात, सबंध थिएटरला ऐकू जाईल असं.

दारांकडे धावलेले लोक मागे वळले. मग मिशीवाल्यांनीच पहिली टाळी वाजवली. आणि मग जी गर्दी झाली ती विचारू नका. कुणाला त्यांच्याकडून शाप हवा होता, कुणाला बायकोचं नाव घेऊन ‘ये बाळा’ म्हणून हवं होतं. एका मुलीने आपल्या साहेबांना फोन लावला आणि सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाईंनी चष्मा सारखा केला, फोन कानाला लावला, आणि पलीकडच्या माणसाला असं काही झापलं की त्याने जागच्या जागी रजा मंजूर केली.

मी त्यांची पर्स, बायकोची पर्स आणि पाण्याची बाटली घेऊन भिंतीला टेकून उभा होतो. त्यांचा घसा दुखावेल, डॉक्टर रागावतील, कुणी ढकलेल, असं एकेक सुचत होतं. शेजारी एक प्रौढ बाई उभ्या होत्या. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

“तुम्ही त्यांचे कोण?”

“जावई.”

“अगं बाई!” त्यांचा चेहरा कळवळला. “घरीसुद्धा अशाच बोलतात?”

गर्दीच्या मधोमध सासूबाई हसत होत्या. ते हसणं ऐकून दारातली दोन माणसं अजूनही दचकत होती.

“हो,” मला म्हणायचं होतं, “हल्ली रोज बोलतात.” पण ऐनवेळी आवाज बसला तो माझाच. मी नुसतीच मान हलवली.